लिथियम धातू आणि त्याला सांभाळणारा द्रव

१/
सन १९८९. जपानमध्ये मोबाइल फोन अजून बोजड होता आणि मोजक्याच लोकांच्या हाती पोहोचला होता. त्या वर्षी अशाच एका फोनमधील बॅटरीने पेट घेतला. बॅटरी कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीची होती आणि तिच्या पोटात शुद्ध लिथियम धातूची पट्टी होती. कंपनीला विकलेल्या बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. काही महिन्यांतच ती आर्थिकदृष्ट्या कोसळली आणि १९९० साली जपानी उद्योगसमूहाने ती विकत घेतली.

२/
या घटनेनंतर जगाने एक निष्कर्ष काढला : पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीत लिथियम धातू वापरणे धोक्याचे आहे. निष्कर्ष चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. बॅटरीत दोन अग्रे असतात आणि त्यांच्यामध्ये आयनांची ने-आण करणारा पदार्थ असतो. त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. लिथियम कसे वागेल हे त्याला वेढणारा इलेक्ट्रोलाइट ठरवतो. लिथियम बॅटरीचा इतिहास हा बऱ्याच अंशी योग्य इलेक्ट्रोलाइटच्या शोधाचा इतिहास आहे.

३/
कथेचा आरंभ स्वीडनमध्ये होतो. १८१७ साली बर्झेलियस यांच्या स्टॉकहोममधील प्रयोगशाळेत योहान ऑगुस्ट आर्फवेडसन हा तरुण रसायनशास्त्रज्ञ ऊटो बेटावरील पेटलाइट या खनिजाचे पृथक्करण करत होता. घटकांची बेरीज काही केल्या शंभर टक्के भरेना. उरलेला हिस्सा एका अज्ञात अल्कली मूलद्रव्याचा निघाला. ते दगडात सापडले म्हणून ग्रीक भाषेतील ‘लिथोस’, म्हणजे दगड, या शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले. शुद्ध धातू मात्र आर्फवेडसनच्या हाती लागला नाही.

४/
१८२१ साली विल्यम ब्रँड यांनी विजेच्या साहाय्याने त्याचा किंचित अंश वेगळा केला. अभ्यासाला पुरेल इतका धातू मिळण्यास १८५५ साल उजाडले. त्या वर्षी बुन्सेन आणि मॅथिसन यांनी वितळलेल्या लिथियम क्लोराइडमधून वीज नेऊन तो मिळवला. हाती आला तो विलक्षण धातू होता : पाण्याच्या जवळजवळ निम्म्या घनतेचा, चाकूने कापता येईल इतका मऊ, पण पाण्याशी आणि दमट हवेशी लगेच अभिक्रिया करणारा. त्या काळच्या बॅटऱ्या पाण्यातील द्रावणांवर चालत. त्यांत लिथियमला जागाच नव्हती.

५/
तरीही लिथियममध्ये किती विद्युतशक्ती दडली आहे, हे मोजण्याची जिद्द काहींनी धरली. १९१३ साली अमेरिकेत गिल्बर्ट लुईस आणि फ्रेडरिक कीज यांनी लिथियम अग्राचा विभव मोजला. शुद्ध धातू पाण्यात बुडवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी दोन टप्पे केले. धातूची तुलना आधी पाऱ्यात मिसळलेल्या लिथियमशी केली आणि त्यासाठी पाण्याऐवजी प्रॉपिलअमीन हा सेंद्रिय द्रव घेतला. मग पाऱ्यातील सौम्य लिथियम पाण्याच्या द्रावणाशी जोडले. लिथियम हाताळायचे तर आधी द्रव निवडावा लागतो, हा धडा इथेच मिळाला होता.

६/
ही धडपड का, ते आकड्यांवरून कळते. लिथियमचा प्रमाण विभव सुमारे उणे ३.०४ व्होल्ट आहे. म्हणजे त्याच्यापासून बनलेला विद्युतघट भरपूर व्होल्ट देऊ शकतो. एक ग्रॅम लिथियम सुमारे ३८६० मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार साठवते. आजच्या फोनमधील बॅटरीत लिथियमला आसरा देणारे ग्रॅफाइट दर ग्रॅमला सुमारे ३७२ मिलिअँपिअर-तासच साठवते. दहापटीचा हा फरक शंभर वर्षे संशोधकांना स्वस्थ बसू देत नाही.

७/
पुढचे मोठे पाऊल १९५८ साली बर्कले येथे पडले. चार्ल्स टोबायस यांच्या मार्गदर्शनाखाली विल्यम हॅरिस हा विद्यार्थी पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होता. विषय होता वलयाकार एस्टरांमधील विद्युतरसायन. प्रॉपिलीन कार्बोनेटसारख्या द्रवांत लिथियमचे क्षार विरघळतात, त्या द्रावणातून वीज वाहते आणि अग्रावर लिथियम धातूचा लेपही चढवता येतो, हे त्याने दाखवले. लिथियम या द्रवात पडून राहिले तरी भडकत नव्हते. पाण्याला पर्याय सापडला होता.

८/
पण यात एक कोडे होते. हिशेबाने पाहता लिथियमने प्रॉपिलीन कार्बोनेटलाही फोडायला हवे होते. कारण इतक्या टोकाच्या विभवाला जवळपास कोणताच सेंद्रिय द्रव टिकत नाही. मग हा द्रव टिकला कसा? खरे तर तो टिकलाच नव्हता. धातूला स्पर्श करताच द्रवाचा पहिला थर फुटत होता आणि त्याच्या अवशेषांचा एक अतिशय पातळ पापुद्रा धातूवर बसत होता. एकदा पापुद्रा बसला की खालचा धातू आणि वरचा द्रव यांची थेट गाठ पडत नव्हती.

९/
१९७९ साली तेल अवीव विद्यापीठातील इमॅन्युएल पेलेड यांनी या पापुद्र्याला सिद्धान्ताचे रूप दिले. तो नुसता गंज नव्हे, तर स्वतःच एक घन इलेक्ट्रोलाइट आहे, असे त्यांनी मांडले : लिथियमच्या आयनांना तो वाट देतो, इलेक्ट्रॉनांना अडवतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एसईआय’ म्हणतात. तापलेल्या दुधावर साय धरते तसा तो द्रवातूनच तयार होतो. म्हैस बदलली की साय बदलते. तसा द्रव बदलला की पापुद्रा बदलतो. इलेक्ट्रोलाइटच्या निवडीला इतके महत्त्व का, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

१०/
एकदाच वापरायच्या बॅटऱ्यांना हा पापुद्रा वरदान ठरला. बॅटरी कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी लिथियम झिजत नसे. थायोनिल क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड, मँगनीज डायऑक्साइड यांच्या जोडीने लिथियमचे घट बाजारात आले. १९७२ साली लिथियम-आयोडीन बॅटरीवर चालणारा हृदयाचा पेसमेकर प्रथमच मानवी शरीरात बसवला गेला. त्या बॅटरीत इलेक्ट्रोलाइट वेगळा भरावा लागत नाही. लिथियम आणि आयोडीन भेटले की लिथियम आयोडाइडचा घन थर आपोआप तयार होतो आणि तोच आयनांची वाहतूक करतो.

११/
अडचण सुरू झाली ती बॅटरी पुन्हा चार्ज करण्याचा प्रश्न आला तेव्हा. डिस्चार्ज होताना लिथियम विरघळून निघून जाते. त्यावरचा पापुद्रा आधाराविना लोंबकळतो आणि फाटतो. चार्ज होताना लिथियम परत येते, पण सपाट थर बनून नव्हे. पापुद्रा जिथे पातळ किंवा फाटका असेल तिथे ते अधिक वेगाने जमते. कोंब फुटतात, त्यांच्या सुया किंवा शेवाळासारखे पुंजके होतात. या वाढीला डेन्ड्राइट म्हणतात. प्रत्येक नव्या कोंबाच्या उघड्या पृष्ठभागावर द्रव पुन्हा फुटतो आणि नवा पापुद्रा धरतो.

१२/
यातून दोन संकटे उभी राहतात. पहिले उघड आहे : सुई वाढत जाऊन दोन अग्रांमधील पडदा भेदते, शॉर्ट सर्किट होते, उष्णता निर्माण होते आणि ज्वालाग्राही द्रव पेटतो. दुसरे संकट मूकपणे येते. डिस्चार्ज होताना सुई बुडाशी आधी विरघळली तर वरचा तुकडा पापुद्र्यात गुंडाळलेला, अग्रापासून तुटलेला असा अडकून पडतो. तो धातूच असतो, पण विजेच्या उपयोगाचा राहत नाही. त्याला ‘मृत लिथियम’ म्हणतात. जपानच्या एनटीटी कंपनीतील संशोधकांनी १९८८ साली या प्रक्रियेचे बारकाईने वर्णन केले.

१३/
हा तोटा किती गंभीर आहे, ते साध्या गुणाकाराने समजते. प्रत्येक फेरीत ९९ टक्के लिथियम परत मिळाले, तर ऐकायला ते उत्तम वाटते. पण शंभर फेऱ्यांनंतर मूळ साठ्यापैकी जेमतेम ३७ टक्के उरते. प्रत्येक फेरीत ९९.९ टक्के मिळाले, तर शंभर फेऱ्यांनंतरही ९० टक्के उरते. एका टक्क्याच्या या नऊ दशांशासाठी पुढची पन्नास वर्षे झगडा झाला. सुरुवातीच्या काळात तर ९९ टक्केही स्वप्नवत होते. १९७४ साली सेलिम आणि ब्रो यांनी प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये लिथियम वारंवार चढवून-उतरवून पाहिले, तेव्हा त्या द्रवाच्या मर्यादा स्पष्ट झाल्या.

१४/
याच दशकात तेलसंकटाने हवालदिल झालेले जग पर्यायी ऊर्जेच्या शोधात होते. एक्सॉन या तेल कंपनीतच स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियम आत-बाहेर करू शकणारी बॅटरी घडवली आणि १९७६ साली ती ‘सायन्स’ या नियतकालिकातून जगापुढे ठेवली. समोरच्या बाजूला लिथियम धातू होता. प्रयोगशाळेत आगी लागत. अग्निशमन दलाने अखेर बजावले की, लिथियमची आग विझवण्यासाठी लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेने सोसावा.

१५/
एक्सॉनच्या घटात डायऑक्सोलेन या ईथर द्रवात लिथियम परक्लोरेट हा क्षार विरघळवलेला होता. लिथियमसाठी ही जोडी फार चांगली होती. धातू त्यात बराच नीट चढे-उतरे. पण परक्लोरेट हा तीव्र ऑक्सिडीकारक आहे. त्याचेच भाऊबंद दारूकामात आणि अग्निबाणांच्या इंधनात वापरले जातात. ईथर तर स्वतःच इंधन. दारूगोळ्याचे दोन्ही घटक एकाच डबीत आले होते. १९८० साली एक्सॉनच्या संशोधकांनी या द्रावणाच्या स्फोटक धोक्याविषयी स्वतंत्र शोधनिबंधच प्रसिद्ध केला. लिथियमला मानवणारा द्रव माणसाला मानवेल असे नसते, हे यातून दिसले. पुढे तेलाचे भाव उतरले आणि एक्सॉननेही हा नाद सोडला.

१६/
दरम्यान, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ईआयसी लॅबोरेटरीज या संस्थेत व्हिक्टर कॉक आणि त्यांचे सहकारी ईथरांचा पद्धतशीर शोध घेत होते. टेट्राहायड्रोफ्युरान या द्रवाला लिथियम फोडत असे. त्याच्या वलयावर एक मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, जोडला की तयार होणारा २-मेथिल टेट्राहायड्रोफ्युरान मात्र लिथियमपुढे बराच अधिक काळ टिके. सोबत लिथियम हेक्झाफ्लुओरोआर्सेनेट हा क्षार घेतला की दर फेरीची कार्यक्षमता ९७ टक्क्यांच्या आसपास जाई. रेणूतील चार अणूंच्या फरकाने धातूचे नशीब बदलत होते. मात्र क्षारातील आर्सेनिक विषारी होते. ही किंमत त्यात गृहीत होती.

१७/
इथे मोली एनर्जीचा प्रवेश होतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील रुडी हेरिंग यांच्या संशोधनातून १९७७ साली ही कंपनी उभी राहिली. एका बाजूला मोलिब्डेनम डायसल्फाइड आणि दुसऱ्या बाजूला लिथियम धातूची पट्टी अशी तिची रचना होती. इलेक्ट्रोलाइट होता प्रॉपिलीन आणि इथिलीन कार्बोनेटच्या मिश्रणात विरघळवलेला आर्सेनेट क्षार. बोटाएवढ्या आकाराचे हे घट निकेल-कॅडमियमच्या तुलनेत हलके होते आणि अधिक ऊर्जा साठवत. मोबाइल फोन आणि लॅपटॉपच्या युगाला हवी होती तशीच ती वस्तू होती.

१८/
मग ती घात का करून बसली? नव्या घटातील लिथियम ही एक सपाट, घट्ट पट्टी असते; तिचा पृष्ठभाग लहान आणि वर्तन बरेचसे शांत. पण फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या की त्याच लिथियमचे स्पंजासारखे भुसभुशीत वस्त्र होते. पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि प्रत्येक कणाला द्रव भिडलेला असतो. लाकडाचा ओंडका सहज पेट घेत नाही, पण त्याचाच भुसा भडकतो, तशी ही गत. कारखान्यातून बाहेर पडताना सुरक्षित ठरलेला घट ग्राहकाच्या हातात जुना होत होता आणि जुना होता होता धोकादायक बनत होता.

१९/
दुर्घटनेनंतर उद्योगाने धातूलाच रजा दिली. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ साली लिथियम धातूऐवजी कार्बनचे अग्र वापरून घट बनवला होता. त्या वाटेने जात सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यात लिथियम धातूरूपात नसते. कार्बनच्या थरांमध्ये आयन येऊन राहतात. साठवणक्षमता घटली, पण सुरक्षितता आणि आयुष्य मिळाले. सोनीचा पहिला कार्बन कोक जातीचा होता आणि त्याला प्रॉपिलीन कार्बोनेट चालत असे. ग्रॅफाइट अधिक चांगले ठरले असते, पण तिथेही द्रव आडवा येत होता.

२०/
ग्रॅफाइटवर प्रॉपिलीन कार्बोनेट फुटत राहतो, हे डे आणि सुलिव्हन यांनी १९७० सालीच नोंदवले होते. द्रवाचे रेणू लिथियमसह ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात आणि थर सुटे होतात. १९९० साली रोझली फाँग, उलरिक फॉन झाकेन आणि जेफ डान यांनी दाखवले की, इथिलीन कार्बोनेट मिसळला की चिवट पापुद्रा बसतो आणि ग्रॅफाइट शाबूत राहते. या दोन द्रवांत फरक पुन्हा एका मेथिल गटाचाच. ईथरमध्ये जो गट तारक ठरला, तोच इथे मारक होता. इथिलीन कार्बोनेट मागे पडण्याचे कारणही साधे होते : तो साधारण ३६ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून खोलीच्या तापमानाला घन असतो. आज फोनमधील इलेक्ट्रोलाइटचा तो कणा आहे.

२१/
सगळ्यांनीच धातूची साथ सोडली नव्हती. इस्राएलमध्ये तादिरान कंपनी आणि बार-इलान विद्यापीठातील डोरॉन ऑरबाख यांनी नव्वदच्या दशकात लिथियम धातूची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. द्रव कोणता, तर एक्सॉनच्या काळात बदनाम झालेला डायऑक्सोलेनच. बदलला होता क्षार : परक्लोरेटऐवजी आर्सेनेट, आणि जोडीला ट्रायब्युटिलअमीन हा स्थिरक. घट प्रमाणाबाहेर तापला की हाच द्रव बहुवारिक होऊन घट्ट होई, आयनांची वाट बंद पडे आणि बॅटरी शांत होई. एका मिश्रणात स्फोटाचे कारण ठरलेला द्रव दुसऱ्या मिश्रणात सुरक्षेची कडी बनला होता.

२२/
पण तादिरानच्या घटालाही एक अट होती : तो सावकाश चार्ज करावा लागे. घाई केली की लिथियम बारीक, भुसभुशीत रूपात जमे आणि द्रव लवकर संपे. वेगाचा हा प्रश्न जुना आहे. अग्राजवळील आयन वाहून येण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने खर्ची पडले, तर ठरावीक वेळात तिथे आयनांचा दुष्काळ पडतो. ही वेळ मोजण्याचे सूत्र सँड यांनी १९०१ साली दिले होते. १९९० साली फ्रान्समधील जाँ-नोएल शाझाव्हिएल यांनी या दुष्काळाचा डेन्ड्राइटच्या वाढीशी संबंध जोडला. त्यामुळे इलेक्ट्रोलाइट केवळ टिकाऊ असून भागत नाही. त्यातून आयन झपाट्याने वाहावे लागतात.

२३/
तिसरी वाट होती द्रवच काढून टाकण्याची. १९७३ साली शेफील्डमध्ये पीटर राइट यांनी पॉलिइथिलीन ऑक्साइड या प्लॅस्टिकसदृश पदार्थात क्षार सामावतात हे दाखवले. त्याचा बॅटरीत उपयोग करावा, ही कल्पना मिशेल आर्मां यांनी १९७८ साली मांडली. त्या परंपरेतील बॅटऱ्या पुढे खरोखर रस्त्यावर आल्या : २०११ ते २०१८ या काळात पॅरिसमध्ये भाड्याने मिळणाऱ्या ‘ऑटोलिब’ मोटारी लिथियम धातूच्या पॉलिमर बॅटरीवर धावत. अडचण एवढीच की, हा पॉलिमर आयनांना पुरेशी वाट देण्यासाठी ६० ते ८० अंशांपर्यंत तापवावा लागतो. बॅटरी सतत गरम ठेवणे ही खर्चाची बाब आहे.

२४/
पॉलिमर मऊ असेल, तर कडक सिरॅमिक का नको? २००५ साली चार्ल्स मन्रो आणि जॉन न्यूमन यांनी गणिताने दाखवले की, पुरेसा ताठ इलेक्ट्रोलाइट डेन्ड्राइटला दाबून ठेवू शकेल. २००७ साली रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुरै आणि वेर्नर वेपनर यांनी गार्नेट जातीचा, लिथियमचे आयन चांगले वाहून नेणारा सिरॅमिक प्रसिद्ध केला. आशा पल्लवित झाल्या. प्रत्यक्षात लिथियमने ताठ भिंतीतही सूक्ष्म भेगा शोधल्या आणि त्यांतून ते आत घुसले. चाकूने कापला जाणारा धातू सिरॅमिक भेदू शकतो, हे अनेकांना अनपेक्षित होते. भिंत जितकी कडक, तितकी तिच्यातील एक भेग महागात पडते.

२५/
मग पुन्हा द्रवाकडे वळणे झाले, पण निराळ्या दृष्टीने. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये दर लिटरला साधारण एक मोल क्षार असतो. २०१५ साली अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीत चियान, जी-ग्वांग झांग आणि सहकाऱ्यांनी डायमिथॉक्सिइथेन या ईथरमध्ये एलआयएफएसआय या क्षाराचे चार मोलचे द्रावण घेतले. त्यात मोकळे ईथर रेणू जवळपास उरतच नाहीत. सारे आयनांना बांधलेले असतात. त्यामुळे आधी फुटतो तो क्षार. त्यापासून बनणारा पापुद्रा लिथियम फ्लुओराइडसारख्या अकार्बनी पदार्थांनी समृद्ध आणि चिवट असतो. लिथियम सुयांऐवजी गोलसर गाठींच्या रूपात जमते. कार्यक्षमता ९९.१ टक्क्यांपर्यंत गेली.

२६/
साय कोणत्या दुधाची धरायची, हे आता निवडता येऊ लागले होते. पण चार मोलचे द्रावण दाट आणि महाग असते. म्हणून २०१८ च्या सुमारास त्यात क्षार न विरघळवणारा फ्लुओरिनयुक्त ईथर घालून ते पातळ करण्याची युक्ती पुढे आली : दाट द्रावणाची आयनांभोवतीची रचना तशीच राहते, एकूण द्रव मात्र पातळ होतो. २०२० साली स्टॅनफर्डमधील झनान बाओ आणि यी त्स्वी यांच्या गटांनी उलट टोक गाठले. त्यांनी ईथरच्या रेणूतच फ्लुओरिन बसवला आणि एकच द्रव, एकच क्षार, तोही नेहमीच्या प्रमाणात, एवढ्यावर काम भागवून दाखवले.

२७/
या काळात पाहण्याची साधनेही बदलली. लिथियम इतके नाजूक की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या झोताखाली ते वितळून नष्ट होई. २०१७ साली त्स्वी यांच्या गटाने जीवशास्त्रातून अतिशीत सूक्ष्मदर्शन उसने घेतले आणि लिथियमची सुई व तिच्यावरचा पापुद्रा अणूंच्या पातळीवर पाहिला. २०१९ साली शर्ली मेंग यांच्या गटाने मृत लिथियमचा हिशेब मांडला. वापरलेल्या अग्रावर पाणी टाकायचे. अडकलेला धातू हायड्रोजन सोडतो, पापुद्र्यातील लिथियम सोडत नाही. वायू मोजला की तोट्याची विभागणी कळते. तोट्याचा मोठा वाटा पापुद्र्याचा नसून तुटून पडलेल्या धातूचा निघाला. आर्फवेडसनच्या हाती जो धातू लागला नव्हता, त्याची शेवटची मोजदाद पाण्याने झाली.

२८/
२०१९ सालीच व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यापूर्वी तीन वर्षे, २०१६ साली, अमेरिकेत ‘बॅटरी५००’ ही मोहीम सुरू झाली होती. उद्दिष्ट दर किलोला ५०० वॉट-तास ऊर्जा देणाऱ्या बॅटरीचे, आणि साधन तेच : लिथियम धातू. ऐंशीच्या दशकात ज्याला निरोप दिला गेला, त्याला परत बोलावणे आले होते.

२९/
अजून ही गोष्ट संपलेली नाही. खिशातल्या फोनमध्ये आजही ग्रॅफाइटच आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये दोन विद्युत बसगाड्या जळाल्या आणि त्याच परंपरेतील पॉलिमर बॅटरीवर चालणाऱ्या १४९ बसगाड्या तात्पुरत्या सेवेतून काढाव्या लागल्या. प्रयोगशाळेतील ९९ टक्के आणि रस्त्यावरची निर्धोक दहा वर्षे यांत अजून अंतर आहे.

३०/
१९८९ च्या त्या फोनकडे मागे वळून पाहिले, तर दोष एकट्या धातूचा दिसत नाही. त्या घटातील लिथियम लुईस आणि कीज यांनी मोजले तेव्हा होते तसेच होते. त्याचा स्वभाव १८१७ पासून बदललेला नाही. बदलत गेले ते त्याच्या भोवतीचे पदार्थ आणि त्यांच्याविषयीची माणसाची समज. मोली एनर्जीपाशी नव्या घटाचे उत्तम ज्ञान होते. शंभर फेऱ्या झालेल्या घटाचे ज्ञान जगालाच नव्हते. ते मिळवण्यासाठी आणखी तीस वर्षे लागली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अपयशाची कारणे शोधताना वस्तू नवी असताना कशी होती यापेक्षा ती जुनी होताना तिचे काय झाले, हे आधी विचारावे लागते.

(समाप्त)